गुलाबी रंगाखाली

आमची डोंबिवलीची बिल्डिंग पाडायला घेतली तेव्हा लोकांनी पंखे, नळ, खिडक्या सोडवून नेल्या. आमच्या कन्यारत्नाने भिंतींचे तुकडे नेले. तेही प्लास्टरसकट, गोणपाटात गुंडाळून! ती चित्रकार आहे, पण ब्रश हातात धरेल तर शपथ. म्हटलं, "अगं, डेब्रिज कुणी जपून ठेवतं का?" तर म्हणे, "आई, तेच माझं पेंटिंग आहे."

प्रदर्शन ठाण्यात होतं. मी आणि हे बाळकुमच्या भाड्याच्या घरातून रिक्षाने गेलो. बघते तर काय, हॉलभर आमच्या घराचे तुकडे टांगलेले आणि येईल त्याच्या हातात एक उलथनं! 'खरवडा' अशी पाटी. म्हणजे चित्र काढायचं ते बघणाऱ्यांनीच. क्रीमखालून पिस्ता निघत होता, पिस्त्याखालून गुलाबी. पोटाला चिमटा काढून दिवाळीला दिलेले रंग, आणि अनोळखी माणसं ते चराचरा खरवडतायत. माझं डोकंच फिरलं. त्यातली दोन उलथनी तर माझ्याच स्वयंपाकघरातली निघाली.

तो गुलाबी रंग मला कधीच बघवला नाही. लेकीच्या आधी आम्हाला एक मुलगा होता. हिच्या वेळी मी बाळंतपणाला माहेरी गेलेले. बालवाडी बुडायला नको म्हणून तो बापाजवळ राहिला, आणि तापाचं निमित्त होऊन गेला. तान्हीला घेऊन परतले तर पुढची खोली गुलाबी केलेली. "बारशासाठी रंगवली," हे म्हणाले. पोर गेल्यावर या माणसाला रंग सुचतो! तो राग मी जन्मभर धरला.

एक कॉलेजातली मुलगी नेमकी त्याच गुलाबीवर उलथनं चालवत होती. तेवढ्यात हे ओरडले, "थांबा! हात काढा आधी!"

अख्ख्या संसारात यांचा आवाज मी चढलेला ऐकला नव्हता. ती मुलगी बिचारी रडकुंडीला आली. तिने खरवडलं होतं तिथे निळ्या मेणखडूची एक रेघ दिसत होती.

हे मटकन खुर्चीत बसले. "त्याने काढलेलं ते," म्हणाले. "आई आली की दाखवू, म्हणायचा. तू येऊन ते बघणार, या विचारानेच माझा धीर सुटला गं."

इतकी वर्षं मी त्याच भिंतीला पाठ टेकून भाजी निवडत होते!

लेक तुकडा उतरवायला धावली. "राहू दे," म्हटलं, आणि त्या मुलीच्या हातातलं उलथनं घेतलं. मेणावर रंगाने नीट धरलंच नव्हतं, पापुद्रे आपोआप सुटत गेले. माझा अंबाडा निघाला. साडी निघाली. माझं हे एवढं पोट, आणि पोटात एक इवलंसं तोंड, दोन वेण्यांचं.

लेक माझ्या खांद्यावरून बघत होती. "आई, ही कोण?"

"तू," मी म्हटलं. "दादाने काढलीय तुला."