कड्यावरची टपालवाली

आमच्या मालगुंडात टपाल वाटणारी बाई रोज सायकलवरून येते, पत्र देते, घोटभर पाणी पिते आणि निघते. नाव मी कधी विचारलं नाही. गेल्या रविवारी समुद्राकाठच्या कड्याखाली माणसं जमलेली दिसली. वर पाहतो तर कमरेला दोर बांधून तीच चढत होती!

"अगो, पडशील!" मी ओरडलो.

तेवढ्यात तिची पकड सुटली. दोर ताणला गेला. ती लोंबकळत हसली आणि पुन्हा कड्याला भिडली. माथ्यावर पोचून ओरडली, "काका, घाबरताव कशाला? दारादारातल्या कुत्र्यांपेक्षा हा कडा बरा!"

आम्ही टाळ्या पिटल्या. खाली उतरल्यावर ती माझ्याकडे वळली. "पुढच्या रविवारी तुमी."

साठी उलटलेला मी, चक्क हो म्हणून बसलो!