लाइन शिरपूरले आली

युक्रेनमधली लढाईची रेघ कालपासून आजपर्यंत किती सरकली, हे मीटरमध्ये सांगू शकतील अशी जगात दोनच माणसं असतील. एक तिथला सेनापती आणि दुसरे आमचे थोरले साडू. त्यातही सेनापती बिचारा जेवायला तरी उठत असेल. साडू उठत नाहीत. वाशीमच्या कोर्टासमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. तिथे ते रोज अकराच्या ठोक्याला येतात, माझ्याच खुर्चीत बसतात, आणि कुणी जामिनाचे कागद घेऊन घायकुतीला आलेला असला तरी त्याला कोपरानं बाजूला सारून म्हणतात, "भाऊ, पयले आजचा नकाशा काढ." जामीन थांबतो, नकाशा निघतो. मी रोज चिडतो आणि रोज काढून देतो.

साडूंनी सारी नोकरी जमिनीच्या मोजणीत घालवली. जिल्ह्यात शेताचा असा धुरा, म्हणजे बांध, नाही ज्यावरून ते टेप घेऊन चालले नाहीत, आणि असा शेजारी नाही ज्यानं नांगराच्या तासातासानं पलीकडचा धुरा कोरला आणि साडूंच्या शिव्या खाल्ल्या नाहीत. निवृत्त झाले तरी पाय मोजायचे थांबले नाहीत. माझ्या घरी जेवायला आले की फाटकापासून ताटापर्यंत किती पावलं झाली ते आधी सांगतात, मग पाणी मागतात. एकदा माझ्या बायकोनं पाट हातभर सरकवून मांडला, तर जेवण संपेपर्यंत त्यांची चुळबुळ चालू होती.

इंटरनेटवरून मी काढलेला नकाशा ते जसाच्या तसा कधी मान्य करत नाहीत. त्यावर पातळ कागद ठेवतात. देशाची मूळ हद्द शाईच्या पेनानं सलग ओढतात आणि फौजेनं बळकावलेल्या मुलखाची रेघ पेन्सिलीनं तुटक. मोजणीच्या कागदावर अशीच रीत असते म्हणे. "हद्द शाईनं, कब्जा पेन्सिलीनं," ते मला दर दोन दिवसांनी सांगतात, जणू मी रोज नवा लागलेला शिपाई आहे. "पेन्सिल खोडता येते, भाऊ. शाई खोडाले बाप यावा लागते."

आता वाशीमच्या माणसाला एवढ्या दूरच्या रेघेचं काय पडलं, असं मलाही पहिल्यांदा वाटलं होतं. कारण आहे. साडूंची मुलगी पल्लवी तिकडे डॉक्टरी शिकत होती. बॉम्ब पडायला लागले तेव्हा तिच्या घरमालकीण म्हातारीनं तिला शहरातून उचलून आपल्या खेड्यातल्या घरी नेलं, बटाटे साठवायच्या तळघरात नऊ दिवस लपवून ठेवलं, स्वतः उपाशी राहून हिला खाऊ घातलं, आणि दहाव्या दिवशी रेटारेटी करून गाडीत चढवून दिलं. पोरगी घरी आली, पुढे डॉक्टर झाली, आता अकोल्याला दवाखान्यात असते आणि रविवारी वाशीमला येते. म्हातारी मात्र आपल्या खेड्यातच राहिली. ती रेघ त्या खेड्याकडे सरकू लागली, आणि साडू दुसरं काहीही न मोजता त्या म्हातारीच्या कुंपणापासून रेघ किती लांब तेवढंच मोजू लागले.

लोकांना समजावं म्हणून त्यांनी हिशोब सोपा केला. "या दुकानाले आजीचं घर समजा. दिशा सोडा, अंतर पाहा." त्या हिशोबानं पहिल्या वर्षी लाइन धनजला, म्हणजे जिल्ह्याच्या पार टोकाला होती. तेव्हा साडूंना दुपारची झोप लागायची. मग एका सकाळी ते दुकानात शिरता शिरताच ओरडले, "लाइन शिरपूरले आली!" शिरपूर म्हणजे इथून वीसेक किलोमीटर. समोर कापडवाले शेटजी उभे होते. दुसऱ्या दिवशी सहकुटुंब शिरपूरला दर्शनाला निघायचं म्हणून ते गाडीवाल्यासाठी आधारकार्डांच्या प्रती काढत होते. त्यांचा चेहरा पडला. "म्हंजे उद्या रस्ता बंद हाय का?" त्यांनी विचारलं. दुसरा कुणी हसला असता. साडूंनी टेबलावर हात आपटला. "तुमाले तुमच्या गाडीचं पडलं, शेटजी! तिथं म्हातारी बसली हाये!" शेटजींना कोणती म्हातारी, कुठं बसली, काही कळलं नाही, पण त्यांनी परतताना आमच्यासाठी प्रसाद आणला आणि हळूच विचारलं, "म्हातारी बरी हाये ना?" तेव्हापासून अर्धं कोर्ट साडूंना तेच विचारतं.

टीव्हीवर त्यांचा भारी राग. न्हाव्याकडे दाढीला बसले असताना तो सूटवाला निवेदक लाल बाण नाचवत किंचाळत होता, तर हे अर्ध्या दाढीनं उठले आणि टीव्ही बंद करून आले. "स्केल नाही, उत्तर दिशा नाही, अन् म्हणे नकाशा! कोणाचं घर कुठं हाये हे तरी दाखव ना लेका! नुसता बोंबलून राह्यला!" न्हावी मॅचच्या स्कोअरसाठी टीव्ही लावायला गेला तर त्याच्यावरही डाफरले. अर्ध्या दाढीचे साडू त्या दिवशी दुकानात आले, आणि खरं सांगतो, मलाही त्या निवेदकाचा तेवढाच राग आला. आपल्याकडे परक्याच्या मरणावर जाहिराती लागतात, ही काय रीत झाली?

पण खरा तमाशा झाला तो नात्यातल्या एका लग्नात. नवरदेवाचे मामा, निवृत्त हेडमास्तर, पंगतीत साडूंच्या शेजारी बसले होते. पुरीचा घास घेत म्हणाले, "देऊन टाकावी थोडीशी जमीन अन् मिटवावं. कायले एवढे लोक मारता?" साडूंचा हात ताटातच थांबला. "थोडीशी म्हंजे किती, मास्तर? हात? दोन हात?" मास्तर म्हणाले, "हो, दोन हात समजा." बस. दुसऱ्या दिवशी सकाळी टेप आणि चुन्याची फक्की घेऊन ते मास्तरांच्या अंगणात हजर! कंपाउंडाच्या आत दोन हातांवर त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी रेघ मारली. तुळस गेली, मोटारसायकल गेली, नळ गेला. मास्तर बनियनवर बाहेर धावले. "अहो, हे काय करून राह्यले? माह्या बापानं घेतली ही जागा!" "एवढं शेजाऱ्याचं," साडू म्हणाले, "मिटलं ना आता?" आणि टेप गुंडाळून चालते झाले.

माफी मागायला अर्थातच मला पाठवलं. नात्यात कुणी काही केलं की निस्तरायला मी आहेच. पेढे घेऊन गेलो, दातओठ खात गेलो. पण ती रेघ पाहिली आणि पेढे हातात धरून मीही तिच्या अलीकडेच उभा राहिलो. मास्तर म्हणाले, "वेडा हाये तुमचा साडू." मग पेढ्यांचा पुडा घेत म्हणाले, "पुसून टाका ना ते." मी पायानं फक्की पुसली. ते नळापाशी उभे राहून बघत होते आणि पूर्ण पुसली गेली की नाही ते त्यांनी दोनदा पाहून घेतलं.

तेव्हा दर रविवारी दुपारी म्हातारीशी व्हिडिओ कॉल असायचा. साडूंना तिची भाषा येत नाही, तिला मराठी येत नाही. पल्लवी दोघांचं सांगायला मध्ये बसते, पण ती चहाला उठली तरी यांचं थांबत नाही. म्हातारी काकड्या दाखवते, साडू परसातली वांगी दाखवतात. ती चेरीचं झाड दाखवते, हे अंबाडीची जुडी हलवतात. "आजी, ही आंबट असते, आंबट!" आणि तोंड वेडंवाकडं करतात. ती इतकी हसते की फोन हलतो. हा माणूस घरात कधी कुणाला हसवताना मी पाहिला नव्हता.

अशाच एका रविवारी, लाइन शिरपूरला असताना, म्हातारीनं पल्लवीतर्फे विचारलं, की शेजारी गाव सोडून चालले, मी काय करू? आणि साडूंनी सारी नोकरी शेतकऱ्यांना जे सांगितलं तेच तिलाही सांगितलं. "कब्जा सोडू नका, आजी. म्या जिंदगीभर पाह्यलं, ज्यानं पाय काढला त्याचं गेलं." पल्लवीनं ते तसंच तिच्या भाषेत सांगितलं. म्हातारीनं दाराच्या चौकटीवर थाप मारली आणि मान हलवली.

यंदा लाइन वाशीम स्टेशनवर आली. म्हातारीचं खेडं रिकामं झालं. माणसं न्यायला दोनदा बस आली, तिनं दोन्ही वेळा परत पाठवली. पल्लवी अकोल्याहून कामाच्या दिवशी तडक माझ्या दुकानात आली आणि गिऱ्हाइकांसमोर बापावर तुटून पडली. "बाबा, ती निंघतच नाही! म्हणते, तुह्या वडिलांनी सांगितलं, ते जमिनीचे सरकारी माणूस हायत, त्याईले समजते! आता मी काय सांगू तिले? तुमी कायले बोलले तसं? अन् म्या कायले सांगितलं तिले?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काकाजी, तुमी तरी सांगा याईले!" साडू पहिल्यांदाच नकाशा न घेता उठून गेले.

मला इतका संताप आला त्या दिवशी, की मशीनमध्ये कागद अडकला तर मी मशीनला लाथ मारली. साडूंवर नाही. ज्या हलकटांनी हा खेळ मांडला त्यांच्यावर. कुठली ती म्हातारी, आणि कुठला हा धुरे मोजणारा माणूस! ज्या एका गोष्टीवर तो आयुष्यभर ठाम राहिला तीच गोष्ट गिळायला लावायची, आणि नाही गिळली तर म्हातारी मरणार. असा पेच घालायचा अधिकार यांना दिला कुणी?

चार दिवस साडू दिसले नाहीत. पाचव्या दिवशी आले ते एक मोठा कागद घेऊन. उपग्रहाच्या फोटोवरून त्यांनी म्हातारीच्या घराचा मोजणी नकाशा काढला होता. घर, तळघराचं झाकण, विहीर, चेरीचं झाड, कुंपण. सगळं शाईनं. वर तिचं नाव तिच्या लिपीत, पल्लवीकडून गिरवून घेतलेलं. रविवारी मलाही बोलावलं. त्यांनी तो कागद फोनसमोर धरला आणि म्हणाले, "आजी, माहं चुकलं. कब्जा सुटला म्हणून मालकी जात नाही. तुमचं घर शाईत हाये. तुमी निंघा आता." त्यांच्या तोंडून 'माहं चुकलं' हे आमच्या आकडसासूबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, लग्नापासून पहिल्यांदा ऐकलं असावं. त्या दारातच उभ्या राहिल्या.

म्हातारीनं चष्मा लावून नकाशा बराच वेळ पाहिला. मग बोट दाखवून काहीतरी ठणकावून बोलली. पल्लवी हळूच म्हणाली, "बाबा, ती म्हणते विहीर झाडाच्या त्या बाजूले हाये. नकाशा चुकला." साडूंच्या मोजणीत चूक काढायची कधी कुणाची छाती झाली नव्हती. साडू म्हणाले, "बरोबर हाये तिचं," आणि तिथेच जमिनीवर बसून त्यांनी सगळा नकाशा नव्यानं काढला. दोन तास म्हातारी फोनवर बसून राहिली. नवा नकाशा पाहून तिनं मान हलवली. मंगळवारी ती बसमध्ये चढली. हातात एक पिशवी आणि फोनमध्ये नकाशाचा फोटो.

नंतर बाराव्या दिवशी लाइन तिच्या कुंपणावरून पुढे गेली. साडूंनी पेन्सिलीची तुटक रेघ ओढली.

म्हातारी आता देशाच्या दुसऱ्या टोकाला, एका शाळेच्या हॉलमध्ये मांडलेल्या खाटेवर असते. रविवारी ती काकड्या दाखवत नाही, आणि साडूही वांगी आणत नाहीत. ती एकच विचारते, घर उभं आहे का? उपग्रहाचा ताजा फोटो पल्लवीनंच शोधून मला पाठवला होता, आणि मीच तो रंगीत छापून साडूंच्या हातात दिला. छप्पर नाही, भिंती नाहीत, झाड काळं पडलेलं. सगळं लख्ख दिसत होतं. साडूंनी तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि फोनकडे बघून म्हणाले, "आजी, ढगं हायत. दिसून नाही राह्यलं." पल्लवीनं बापाच्या खिशाकडे पाहिलं आणि ते तसंच सांगितलं. म्हातारी म्हणाली, काही हरकत नाही, पुढच्या रविवारी बघा. त्याला सहा रविवार झाले. दर रविवारी ती विचारते, आणि मोजणीत बोटभर अंतराचीही कधी कुणाला सूट न दिलेला हा माणूस मान खाली घालून तिला सांगतो, की आजही ढग आहेत.