माझ्या नंबरचा चष्मा

शेवटची मुलगी चढली, दार सरकून लागलं, तरी आबा लगेच किल्ली फिरवत नसत. डोक्यावरचा आरसा थोडा खाली ओढायचे, मग जरासा तिरका करायचे आणि मागच्या प्रत्येक सीटवरचा चेहरा एकेक करून बघायचे. मग म्हणायचे, "हां. कळप भरला." त्यानंतर गाडी सुरू.

"आबा, आमी काय मेंढरं हाय व्हय?" सुनीता रोज विचारायची. ती पॅकिंगला होती आणि गाडीत तिचाच आवाज सगळ्यात मोठा.

"मेंढरं बरी. मेंढरू मोबाईल बघत गाडीत चढत न्हाई."

त्यांचे वडील मेंढ्या घेऊन दरवर्षी कोकणात उतरायचे. लहानपणी आबाही त्यांच्यामागे चालले होते. मेंढ्या मोजायच्या नसतात, ओळखायच्या असतात, असं ते सांगायचे. मोजल्या की आकडा बरोबर येतो आणि तरी त्यात एक दुसऱ्याची निघते.

आमची गाडी म्हणजे ठेकेदाराने कंपनीला लावलेली एक जुनी पांढरी व्हॅन. सकाळी मांडवगण फराट्याहून निघायची, वाटेतल्या वस्त्यांवरच्या, मग न्हावऱ्याच्या आणि तळेगावच्या मुली-बायका घेत सणसवाडीला पोचायची. बहुतेक जणी पॅकिंगच्या. ऑफिसात कम्प्युटरवर बसणारी मी एकटीच. मी न्हावऱ्याला चढायचे आणि आबांच्या बरोबर मागे बसायचे, कारण तिथे कुणाशी बोलावं लागत नसे. तिथून मला त्यांची पांढरी टोपी, डावा कान आणि आरशातले दोन डोळे दिसायचे.

"ही विंग्रजी शाळेची," ते नव्या मुलींना माझी ओळख करून द्यायचे. "शब्द लई महाग तिच्याकडं. पण ऐकती समदं."

तुमच्याही गावाकडून अशी एखादी गाडी जात असेल, तर तुम्हाला माहीत असेल की अशा गाडीत ड्रायव्हर हा नुसता ड्रायव्हर नसतो. मला नोकरी लागली तेव्हा माझ्या वडिलांनी पगार विचारला नाही, काम काय तेही विचारलं नाही. "गाडीवर कोण हाय?" एवढंच विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, "मग जा." सुनीताच्या सासूनेही तेच विचारलं होतं. गाडीतल्या जवळजवळ प्रत्येकीच्या घरी हे असंच घडलेलं. आबा होते म्हणून आम्ही कामाला जात होतो.

आणि आबांचं म्हणाल, तर ती गाडी गेली असती तर त्यांच्यापाशी दुसरं काही नव्हतं. मेंढ्या वडिलांबरोबरच संपल्या होत्या. जमीन होती ती भावकीत वाटून वाटून एक तुकडा उरलेली. गावात त्यांना मान होता तो 'पोरींची गाडी नेणारा माणूस' म्हणून. लग्नात त्यांना पुढे बसवत.

साखर कारखाने सुरू झाले आणि रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या आल्या, तेव्हा आम्हाला रोज उशीर व्हायला लागला. आबा एखाद्या ट्रॉलीच्या मागे लागले की लागलेच. समोर रस्ता मोकळा असायचा, मागून दुचाकीवाले हॉर्न वाजवत निघून जायचे, पण आबा काही ट्रॉली ओलांडायचे नाहीत.

"आबा, बैलगाडी पुढं गेली बघा," सुनीता म्हणायची.

"तुला घाई असंल तर उतर आन् पळ."

"पळत गेले तर आधी पोचंन."

सगळ्या हसायच्या. आरशात आबा हसत नसायचे. मी मागेच बसत असल्यामुळे ते मला दिसायचं. डोळे बारीक करून, मान पुढे काढून ते समोर बघत असायचे. गतिरोधक आला की गाडी आदळायची आणि ते रस्ता करणाऱ्यांना शिव्या घालायचे.

एकदा कंपनीच्या गेटबाहेर गाडी लवकर पोचली होती. आबा मागे वळून म्हणाले, "ए, तुझी ती दुर्बीण दे बरं जरा."

आधी पॅकिंगच्या एका मुलीचा चष्मा घेतला. जांभळी फ्रेम. टोपी, मिशा आणि त्याखाली जांभळा चष्मा. मुलींनी फोटो काढले. "न्हाई, समदं वाकडं दिसतंय," म्हणत त्यांनी तो परत दिला. मग दुसरीचा घेतला, मग तिसरीचा. आठवडी बाजारात चादरीवर मांडलेले चष्मे लोक जसे एकामागून एक नाकावर चढवून बघतात, तसंच अगदी. ज्याने दिसेल तो आपला. त्यांच्या घरातल्या सगळ्यांनी आजवर चष्मे असेच घेतले होते.

शेवटी माझा घेतला. समोर बघितलं. बराच वेळ काढेनातच.

"त्या टाकीवर कंपनीचं नाव हाय," ते म्हणाले. "मला वाटलं, पुसलंय."

मुली तोवर फोटोच बघत होत्या. मीच ते वाक्य ऐकलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, हा कुठून घेतला. मी मोबाईलवरून मागवते, सांगितलं. दुकानातल्यापेक्षा निम्म्याहून स्वस्त पडतो, डबीत घालून घरी येतो. त्यांना स्वस्ताईपेक्षा डबीचं जास्त पटलं.

"म्हंजी कुणाला कळत न्हाई?"

"नाही."

"ब्येस."

शिरूरच्या चष्म्याच्या दुकानात ते का जात नव्हते, ते मग सुनीताने सांगितलं. दुकानवाला आणि आमचा ठेकेदार रोज एकत्र चहाला बसायचे. आधीच्या एका ड्रायव्हरला ठेकेदाराने डोळ्यांवरूनच उतरवलं होतं. दौंडला मोठा दवाखाना होता, पण आबांची सासरवाडी पाटसची, आणि दौंडला तिकडचं कुणी ना कुणी भेटणारच. "शिंकलो तरी मांडवगणात आधी कळतं," आबा म्हणाले. "चष्मा घेतला म्हटलं की संध्याकाळी शेठचा फोन."

मी सांगितलं की नंबर तपासावा लागतो. प्रत्येक डोळ्याचा वेगळा असतो. माझेच दोन डोळे सारखे नाहीत.

"माझं बी सारखं न्हाईत," आबा म्हणाले. "मग जमलं की!"

"आबा, तसं नसतं. तुम्ही डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा एकदा."

"तुज्या चष्म्यानं दिसतंय ना मला? मग डाक्टर आणखी काय दावणार?"

सुनीताने माझ्या हातातून मोबाईल घेतला. "तू सर, तुला जमायचं न्हाई," म्हणाली. माझा नंबर आधीच्या खरेदीत साठवलेला होता, तोच तिने वापरला.

फ्रेम निवडायला अख्खी गाडी होती. मोबाईलच्या कॅमेऱ्यात आबांचा चेहरा आला की त्यावर आपोआप चष्मा चढायचा. सोनेरी, चौकोनी, गोल. आबा मान वळवायचे तसा चष्माही वळायचा. त्यांनी दोनदा नाकाला हात लावून बघितला. मग डोळ्यांमधलं अंतर मोजायचं होतं, त्यासाठी एटीएम कार्ड कपाळाला लावून धरा, असं आलं. टोपी आडवी येत होती.

"आबा, टोपी काढा."

"मोबाईलपुढं टोपी काढू? कोण लागून गेला त्यो?"

शेवटी टोपी मागे सारली, कार्ड कपाळाला लावलं आणि ते फोटोला बसल्यासारखे ताठ बसले. खाली उतरलेल्या बायका खिडकीतून बघत होत्या. मी नोकरीत होते त्या सगळ्या काळात गाडीत एवढं हसू कधी ऐकलं नाही.

पार्सल कंपनीच्या गेटवर सुनीताच्या नावाने आलं. काळी, साधी फ्रेम. आबा मांडवगणातून बिनचष्म्याचे निघायचे, गाव मागे पडलं की शर्टाच्या खिशातून काढून घालायचे आणि गेटच्या अलीकडे पुन्हा खिशात टाकायचे. गाडीतल्या कुणीही घरी बोलायचं नाही, असं न ठरवताच ठरलं होतं. मीही आईला काही सांगितलं नाही.

पहिले काही दिवस ते फार खुशीत होते. रस्त्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचायचे. "खत. बियाणं. वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. च्यायला, किती माणसं जन्मतात रं रोज!" ट्रॉल्याही ओलांडायला लागले. आम्ही वेळेवर पोचू लागलो. डोकं दुखतं म्हणून दुपारी गाडीतच कपाळाला रुमाल बांधून पडायचे, पण ते नव्या चष्म्याने होतंच, असं सगळ्यांनी त्यांना सांगितलं.

त्यांना समोरचं दिसत होतं. कडेचं दिसत नव्हतं. हे तेव्हा आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं, त्यांनाही नसावं. माणसाला न दिसणारी गोष्ट दिसत नाही, हे कसं कळणार?

थंडीतली सकाळ होती. धुकं नव्हतं, ऊन चांगलं वर आलं होतं. न्हावरं सोडून आम्ही थोडं पुढे गेलो होतो. डाव्या बाजूच्या पाणंदीतून ऊसतोड्यांची एक बैलगाडी रस्त्याकडे येत होती. वर उसाच्या हिरव्या शेंड्यांचं वाढं लादलेलं आणि वाढ्यावर एक बाई, मांडीत मूल घेऊन. मी ती लांबूनच बघितली. सगळ्यांनीच बघितली असेल. आबा आता वेग कमी करतील, असं मला वाटलं. ते तसेच निघाले.

सुनीता ओरडली. आबांनी ब्रेक दाबला, गाडी उजवीकडे घसरली, काहीतरी फुटल्याचा आवाज झाला आणि मग सगळं थांबलं. आमचा डावीकडचा आरसा बैलगाडीच्या दांडीला लागून तुटला होता. बैल बुजून मागे सरकले होते. गाडीवान शिव्या देत होता. बाईने मुलाला इतकं घट्ट धरलं होतं की ते रडायला लागलं. कुणाला काही लागलं नव्हतं.

आबा खाली उतरले. बैलांकडे बघितलं, बाईकडे बघितलं. गाडीवानाला हात जोडले. मग आमच्याकडे आले.

"कुठनं आली ही?"

सगळ्या सुनीताकडे बघू लागल्या.

"कुठनं आली, सांगा की गं!"

"आबा," सुनीता म्हणाली. ती कधी एवढं हळू बोलत नसे. "लई येळ दिसत हुती हो. पाणंदीतनं येत हुती."

आबांनी पाणंदीकडे बघितलं. सरळ, मोकळी पाणंद, दोन्ही बाजूला तोडलेलं शेत. मग त्यांनी समोर बघत डावा हात कानाच्या रेषेत धरला आणि हळूहळू पुढे आणू लागले. हात नाकासमोर यायच्या जरा आधी थांबला. त्यांनी तो खाली केला. उजव्या हाताने पुन्हा तसंच करून बघितलं.

नंतर ते रस्त्याकडेच्या विजेच्या खांबाला टेकून उभे राहिले आणि ठेकेदाराला फोन लावला.

"आबा, कशाला?" सुनीता उतरून त्यांच्या मागे गेली. "आरसा दुसरा बसवू की. आमी कुणी एका शब्दानं बोलणार न्हाई. आईची आन!"

"तुमी न्हाई बोलणार," आबा म्हणाले. "म्हणून तर मला बोलाया पायजे."

फोनवर एवढंच म्हणाले, "शेठ, दुसरा माणूस धाडा. मला दिसत न्हाई." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "न्हाई, पेलो न्हाई. दिसत न्हाई म्हटलं की."

दुसरा ड्रायव्हर येईपर्यंत आम्ही रस्त्याच्या कडेला बसून होतो. आबा आमच्यात बसले नाहीत. गाडीच्या पुढच्या चाकापाशी उकिडवे बसून राहिले. नवा माणूस आला तेव्हा त्यांनी किल्ली त्याच्या हातात दिली, "दुसरा गेअर आडकतो, सबुरीनं टाक," असं सांगितलं आणि मांडवगणच्या दिशेने चालू लागले. आम्ही हाका मारल्या. त्यांनी हात वर केला, वळून पाहिलं नाही.

पुढचं सुनीताला त्यांच्या बायकोकडून कळलं. दौंडच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली टिकवायला औषधाचे थेंब, रोज, आयुष्यभर. घरात फ्रीज नाही म्हणून ती बाटली माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवतात. दुकानात गेले असते तर हे आधी कळलं असतं का, ते मला सांगता येत नाही. कदाचित दुकानवाल्याने संशय येऊन डॉक्टरकडे पाठवलं असतं, कदाचित नुसता नंबर काढून दिला असता. मी अजूनही मोबाईलवरूनच चष्मा मागवते. नंबर मात्र दरवर्षी डॉक्टरकडून काढून घेते.

नवा ड्रायव्हर गाडी चांगली चालवायचा. गाणी लावायचा. महिन्याभरात वस्तीवरच्या दोघी यायच्या बंद झाल्या, मग जांभळ्या फ्रेमवाली. त्यांच्या घरी कुणीतरी 'गाडीवर कोण हाय' असं पुन्हा विचारलं असणार. सुनीताने नवऱ्याशी भांडून सणसवाडीत खोली घेतली. माझे वडील संध्याकाळी फाट्यावर येऊन उभे राहू लागले.

मागच्या उन्हाळ्यात पाटसच्या एका बारशाहून येताना मी दौंडवरून आलेल्या एसटीत चढले. ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर आबा होते. शेजारी त्यांची बायको, मांडीवर पिशवी. मी पलीकडच्या रांगेत बसले. त्यांनी अख्खी मान वळवून माझ्याकडे बघितलं, पाखरू बघतं तसं.

"विंग्रजी का गं तू?"

"हो आबा."

"बरी हायेस?"

"हो. तुम्ही?"

"हाय की." मग थोड्या वेळाने, "सुनी कुठं असती?"

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा समोर बघू लागले.

चौफुल्याच्या पुढे त्यांच्या बायकोला डुलकी लागली. आबा ताठ बसले होते, हात मांडीवर. त्यांचा उजवा पाय चपलेतून बाहेर आला होता. गतिरोधक यायच्या थोडं आधी तो पाय एसटीच्या पत्र्यावर हळूच दाबला जायचा, आणि मग बसचा वेग कमी व्हायचा. रस्ता त्यांना पाठ होता. पुन्हा दाबला, पुन्हा सुटला. बायकोने झोपेतच त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. पाय थांबला नाही.