शपथ नको म्हणणाऱ्या बाई

दारूला शिवी न घालणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. पालिकेच्या हॉस्पिटलातल्या सोशल वर्कर. हाडांच्या वॉर्डात सगळे त्यांना सोशलबाईच म्हणायचे. ठेंगण्या, जाड भिंगाचा चष्मा, आणि बोलणं असं, की आता भाजीचा भाव विचारतील असं वाटावं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमचे हे मुलुंडच्या एका कारखान्यात लेथवर होते. एका शनिवारी गुत्त्यावरून येताना उघड्या गटारात पडले आणि मांडीचं हाड मोडून घेतलं. पायाला वजन लावून पडून होते. मी रोज डबा घेऊन जायची आणि डब्याबरोबर तोंडाचा पट्टाही. ‘मेलात असता तर सुटले असते,’ इथवर माझी मजल गेली होती. खरं सांगते, भीतीनं बोलायची. आमच्या चाळीत दोघींचे नवरे पिऊन पिऊन चाळिशीच्या आत गेले होते. तिसरी मी, असं मी मनाशी धरूनच चालले होते.

एक दिवस माझ्यासमोरच सोशलबाई स्टूल ओढून बसल्या आणि यांना म्हणाल्या, “पडलात तेव्हा किती घेतली होती?”

“थोडीशी.”

“थोडीशी म्हणजे? एक नवटाक? दोन?”

“तीन.”

“बरं. घेतल्यावर काय बरं वाटतं?”

मी कपाळावर हात मारला. ही बाई समजवायला आलीय की कंपनी द्यायला! पण हे बोलायला लागले. आठवडाभर मशीनच्या आवाजात डोकं भणभणतं, शनिवारी दोस्तांबरोबर बसलं की शांत होतं, म्हणाले. माझ्याशी इतकं कधी बोलले नव्हते. बाईंनी सगळं ऐकलं. मग विचारलं, “आणि या पायाबद्दल काय वाटतं?” पुन्हा लेथसमोर उभं राहता येईल का, ते यांनाच ठाऊक नव्हतं.

माझं काही समाधान होईना. एका संध्याकाळी वॉचमनच्या हातापाया पडून मी आमच्या छकुलीला वॉर्डात नेलं. म्हटलं, “ठेवा हिच्या डोक्यावर हात आणि घ्या शपथ.” यांनी हात उचललाही. तेवढ्यात बाई आल्या आणि पोरीला हळूच बाजूला घेतलं.

“शपथ नको.”

“का नको? तुमचा नवरा आहे का?” मी तडकलेच.

“मोडली तर पोरीकडे बघवणार नाही त्यांना. मग ते विसरायला परत तिकडेच जातील. जमेल तेवढंच बोलू देत.” आणि यांच्याकडे वळून, “सांगा, काय जमेल?”

हे म्हणाले, “शनिवारी सुटल्यावर सरळ घरी येईन.”

“वाटेत गुत्ता लागतो?”

“लागतो. शाळेमागून आलं तर नाही, पण लांब पडतं.”

“पडू दे. तेवढाच पायाला व्यायाम.”

मला रडूच आलं. मला अख्खी दारू सुटायला हवी होती आणि ही बाई रस्त्यावर खूश!

हे बरे झाले, लेथवर उभे राहिले, शाळेमागून येऊ लागले. विसर्जनाला मात्र दोस्तांबरोबर गेले ते झिंगूनच परतले. म्हटलं, झालं, वाट लागली. दुसऱ्या दिवशी कामाला दांडी मारून हे कुठे गेले असतील? सोशलबाईंकडे! शपथ मोडली असती तर मेले तरी गेले नसते. बाई म्हणाल्या, “शाळेमागून येता ना, ते चालू ठेवा. आता विसर्जनाचं काय करायचं, सांगा.” पुढच्या वर्षी यांनी मंडळात प्रसाद वाटायचं काम मागून घेतलं. असं कमी होत होत सुटलं. सगळ्यांचंच सुटलं असं नाही. वॉर्डात यांच्या शेजारच्या खाटेवर होता तो टेम्पोवाला पिऊन पुन्हा हात मोडून आला होता. त्याच्याजवळही बाई स्टूल ओढून बसल्याच.

बाईंची बदली झाली तेव्हा मी खोबऱ्याच्या वड्या घेऊन गेले. त्यांना आमचं नाव आठवेना. “उजवी मांडी ना?” एवढंच म्हणाल्या आणि हसल्या. नंतर कधी भेट झाली नाही.

हे आता सत्तरीच्या पुढे गेलेत. चहात साखर कमी म्हणून कटकट करतात, डोक्यावरचा चष्मा घरभर शोधतात आणि मलाही शोधायला लावतात. मी जाम वैतागते. नवरा म्हातारा झालेला बघायला मिळेल, एवढं मी तेव्हा देवाकडेही मागितलं नव्हतं.