सातव्या डब्यातलं पान

मामा,

तुम्ही गेलात त्याला चौदा महिने झाले. तुम्ही असताना मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. प्रयोगशाळेतल्या दोन खोल्या ओलांडल्या की तुम्ही भेटायचात, लिहायचं कशाला? आता लिहायला बसलेच आहे तर तुमची गोष्ट सगळ्यांनाच सांगते. तुमच्याबद्दल तिऱ्हाइतासारखी बोलेन आणि माझ्याबद्दलही. 'मी' म्हटलं की माणूस स्वतःची बाजू सावरायला लागतो.

तर, मामा प्रयोगशाळेत लागले ते खिडक्या पुसायला. हुद्दा शेवटपर्यंत परिचराचाच राहिला, काम मात्र किडे सांभाळायचं. बाहेरून येऊन इथं माजलेल्या झाडाझुडपांचा बंदोबस्त करणं हा त्या प्रयोगशाळेचा धंदा, आणि त्या वर्षांत सगळ्यांच्या तोंडी एकच नाव होतं: झाकणवेल. कुणीतरी हौसेनं, निळ्या फुलांसाठी, ती परदेशातून आणून कुंपणावर चढवली. वीस वर्षांत तिनं कुंपणं, विजेचे खांब, बागा, सगळं पांघरुणाखाली घेतलं. कापली की दुप्पट.

वेल जिथून आली तिथं तिला खाणारा एक तपकिरी भुंगेरा होता, डाळीएवढा. तिथल्या एका म्हाताऱ्या शास्त्रज्ञानं आणि इथल्या प्रमुख बाईंनी मिळून ठरवलं की भुंगेरा इकडे आणायचा. पण तो वेलीशिवाय दुसरं काहीच खात नाही, हे आधी सिद्ध करायचं. नाहीतर रोगापेक्षा औषध जड. तिसऱ्या एका देशातली संस्था दोघांचे आकडे तपासणार होती. करार सहा वर्षांचा.

म्हातारा स्वतः चाळीस भुंगेरे घेऊन आला, डबा अख्खा प्रवास मांडीवर ठेवून. मामांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि विचारलं, यांनी वाटेत काही खाल्लं का? बाईंनी भाषांतर केलं. म्हातारा हसला नाही. खिशातून वही काढून कोणत्या तासाला किती पानं दिली ते त्यानं दाखवलं. तिथंच दोघांचं जमलं. एकमेकांची भाषा दोघांना ओ की ठो कळत नव्हती, तरी तास तास जाळीशी डोकी लावून बसत. बाईंना तेव्हा ते काम नसलेल्या दोन व्याह्यांसारखे वाटायचे.

पहिला शोधनिबंध छापून आला त्यात तिसरं नाव मामांचं. हट्ट म्हाताऱ्याचा: ज्यानं किडे जगवले त्याचं नाव नको तर कुणाचं? मामांनी तो कागद थोरल्या बहिणीला नेऊन दाखवला.

"नाव आलं, छान झालं," अक्का म्हणाली. "माझी वेल कधी जाणार ते सांग."

अक्काची पेरूची बाग होती, नवरा गेल्यावर एकटीनं राखलेली. वेल उत्तरेच्या बांधावरून आत शिरली होती आणि दर वर्षी दोन-तीन ओळी घशात घालत होती. मामा सुट्टीच्या दिवशी कोयता घेऊन जायचे, संध्याकाळी हात सोलवटून परत. वेल जाईल तर भुंगेऱ्यानंच, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. भुंगेऱ्यांना ते पाहुणे म्हणायचे. अक्का म्हणायची, पाहुण्यांना सांग, म्हातारी थांबली आहे, पण फार थांबायची नाही.

शेवटची चाचणी उपाशी ठेवायची. वीस भुंगेरे एका डब्यात, सोबत फक्त घेवड्याची पानं, कारण पिकांमध्ये घेवडाच वेलीचा सगळ्यात जवळचा भाऊबंद. भुंगेऱ्यांनी त्याला तोंड न लावता मरायचं. मेले की पास. असे बारा डबे. रोज सकाळी मेलेले मोजायचे, घेवड्याची पानं बदलायची, वहीत आकडा लिहायचा. हे मामांना नीट कळत होतं. सहा वर्षं ज्यांच्या पिढ्या वाढवल्या, त्यांच्या मरण्यातच अक्काचं भलं आहे, हेही कळत होतं. कळणं वेगळं आणि बघणं वेगळं.

नववा दिवस रविवारचा. प्रयोगशाळेत मामा एकटे. सातव्या डब्यात पाच उरले होते आणि त्यांतली एक मादी झाकणाच्या जाळीला धरून मिशा हलवत होती. शेजारच्या खोलीत कुंड्यांमध्ये वेल होती. वास येत असणार. मामांनी वेलीचं एक पान तोडलं आणि डब्यात ठेवलं. आता मरणारच आहेत, तर खाऊन मरू देत, इतकाच विचार. सोमवारी कुणी यायच्या आत त्यांनी पान काढून घेतलं. पानाच्या शिराच तेवढ्या उरल्या होत्या.

पण ते मेले नाहीत. बाकीचे अकरा डबे तेराव्या दिवसापर्यंत संपले. सातव्यातले पाच अठराव्या दिवशीही चालत होते, आणि मादीनं घेवड्याच्या पानामागे अंडी घातली.

करारात स्पष्ट लिहिलं होतं: पिकावर एक अंडं सापडलं तरी भुंगेरा बाद, सगळे मारून टाकायचे. तीन वर्षांच्या आत फेरचाचणी मागता येत होती, पण चाचणीत चूक झाल्याचं कुणी लेखी दिलं तरच.

बाईंनी घेवड्याची पानं भिंगाखाली धरली आणि मामांना बोलावलं.

"मामा, पानाला ओरखडा नाही. मग हे जगले कशावर?"

मामांनी भिंगाखालचं पान उचलून डब्यात परत ठेवलं.

"तुमच्याकडून काही झालं का?"

"नाही बाई."

ज्या निबंधात त्यांचं नाव होतं त्यातला आकडा न् आकडा मामांनीच मोजला होता. हे एक पान कबूल केलं तर ते सगळे आकडे संशयात आले असते, आणि म्हातारा तोंडघशी पडला असता. म्हणून 'नाही'. बाईंनी पुन्हा विचारायला हवं होतं. त्यांनी अहवालातला, घेवड्याची पानं किती खाल्ली याचा रकाना कोरा ठेवला आणि खाली सही केली.

दोन हजार भुंगेरे गोठवायचे होते. मामांनी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. शीतपेटीत एकेक डबा स्वतः ठेवला आणि झाकण लावून तिथंच स्टुलावर बसले, जेवायच्या सुट्टीपर्यंत.

पुढच्या दोन वर्षांत अक्काची बाग गेली. पेरूची झाडं हिरव्या ढिगाऱ्यांसारखी दिसत. अक्का लेकीच्या घरी राहायला गेली, गच्चीच्या खोलीत. किल्ली देताना ती भावाला म्हणाली, "तू काय कमी खपलास? पाहुणेच खोटे निघाले." मामांनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी, निवृत्त झालेले मामा, निवृत्त झालेल्या बाईंच्या घरी आले. चहा निवला तरी कपाला हात नाही. पानाचं सगळं सांगितलं, आणि खिशातून दोन पानी पत्र काढलं, शाईनं, मोठ्या अक्षरात, म्हाताऱ्याला उद्देशून.

"बाई, त्याच्या भाषेत करून पाठवा. फेरचाचणीच्या मुदतीला अजून सात महिने आहेत."

बाई म्हणाल्या, आठवड्यात पाठवते.

पत्र सरळ होतं. मी वेलीचं पान घातलं, पाहुण्यांचा दोष नाही, पुन्हा तपासा. पण त्यात आणखी एक ओळ होती: बाईंनी मला विचारलं होतं, मी खोटं बोललो. ती म्हाताऱ्यानं वाचली की त्याचा पुढचा प्रश्न ठरलेला होता: बाईंनी का विचारलं? त्यांना काय दिसलं होतं? मामांनी बाईंना वाचवायला लिहिलेल्या त्याच ओळीनं बाईंचे हात धरून ठेवले. आधी डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. मग शब्दकोश सापडेना. मग नातीची परीक्षा. कामसू बाईला सबबींचा तोटा नसतो.

मामा दर पंधरवड्याला फोन करायचे. उत्तर आलं का, असं एकदाही विचारलं नाही. हवापाणी विचारायचे आणि थोडं थांबायचे. पाचव्या महिन्यात ते झोपेतच गेले. दोन महिन्यांनी मुदत संपली.

म्हाताऱ्याचं वर्षातून एक पत्र येतं. यंदाच्या पत्रात शेवटी विचारलं आहे, तुमचे मामा कसे आहेत, वेलीचं काय झालं? बाईंनी अजून उत्तर दिलेलं नाही. मामांचं पत्र टेबलाच्या वरच्या खणात आहे, सोबत एक कोरा कागद. त्यावर म्हाताऱ्याच्या भाषेत तारीख घातली आहे आणि 'प्रिय मित्रा' एवढंच लिहून झालं आहे.