मोजणीची फाइल
कूलरच्या ओल्या गवताचा वास आला की मला चंदीगडची ती मतमोजणी आठवते. आमच्या मराठी मंडळाची वेबसाइट नवीकोरी होती आणि गणपतीत नाटक कुणाचं बसवायचं, माझं की हवाई दलातल्या एका साहेबांचं, यावर तिथे मतदान झालं. मी सपाटून हरलो. वेबसाइट बनवली होती साहेबांच्याच मुलीने, मग संशय यायला आणखी काय हवं? मी ब्राउझरमध्ये पानामागचा कोड उघडून पाहिला, तर नुसते आकडे. ते मोजले कसे, त्याचा पत्ताच नाही. चोरी पकडली म्हणून मी भर दुपारी त्यांच्या घरी थडकलो. "मोजणी लपवलीस कुठे?" मुलीला मराठी समजे, पण उत्तर हिंदीतच यायचं. "अंकल, वो सर्वर पे चलती है. आपके पास सिर्फ रिझल्ट आता है." "पक्का? मग मूळ फाइल उघड." तिने शांतपणे मोजणीच्या प्रोग्रॅमची ती पीएचपी फाइल नोटपॅडमध्ये उघडली. कूलरसमोर बसूनही घाम पुसत मी ओळन् ओळ वाचली. बेरीज अगदी सरळ होती. एका ओळीवर मात्र तिने बोट ठेवलं, "एक कंप्यूटर से एक ही व्होट, अंकल. बाकी कॅन्सल." आणि मी तर, माझी माणसं आपापल्या घरून भलत्यालाच मत देतील या धास्तीने, सगळ्यांना चहाला बोलावून माझ्याच कॉम्प्युटरवरून, माझ्या डोळ्यांदेखत मतं द्यायला लावली होती. त्यांतलं कुणी भेटलं की आजही विचारतं, "आपण हरलो कसे हो?" मी आवाज खाली आणून सांगतो, "मला तर तेव्हाच संशय आला होता."