बसमधलं बसमध्ये

वर्डेल टिपेटने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली आणि गाडीला एक ओरखडा येऊ दिला नाही. टिमन्स फेरी गावात आज जो कोणी विशीपासून चाळिशीपर्यंतचा आहे, त्याला विचारा, निम्मे तरी म्हणतील, "आम्ही चौदा नंबरच्या बसचे." वर्डेलचे नियम दोनच होते. गाडीत भांडायचं नाही, आणि उतरताना शेवटच्या पायरीवर "थँक्यू, मिस्टर वर्डेल" म्हणायचं. म्हटलं नाही तर परत वर चढायचं आणि पुन्हा उतरायचं. मग तो म्हणणार, "जपून जा." टिपेट नवराबायकोच्या पोटी मूल नव्हतं. पण त्याची बायको अर्लीन म्हणायची, "आमच्या ह्यांना चौपन्न पोरं आहेत, आणि रोज संध्याकाळी ती परत करावी लागतात, हे किती बरं!"

निवृत्त झाला आणि माणूस मोकळा पडला. आता आमच्या अलाबामात मोकळ्या माणसाला फुटबॉलशिवाय, तोही चेंडू हातात घेऊन पळायचा आमचा अमेरिकन, कोण विचारतं? फेरी स्टेट हे आमचं कॉलेज. टीमचं नाव हेरन्स, म्हणजे बगळे. दुसऱ्यांनी वाघ घेतले, अस्वलं घेतली, आमच्या वाडवडिलांना बगळा सुचला. असो, आपलाच बगळा. दर सोमवारी संध्याकाळी सहाला रेडिओवर डब हॅगन लोकांचे फोन घ्यायचा, आणि त्यात वर्डेलचा फोन ठरलेला. "चौदा नंबरचा वर्डेल आलाय, ऐका रे!" असं डब म्हणाला, की आमचा हा गडी हरभऱ्याच्या झाडावर चढलाच. मंगळवारी पेट्रोल पंपावर लोक म्हणायचे, "काल काय हाणलंत!" आयुष्यभर आरशात मागच्या पोरांकडे बघत गाडी हाकलेल्या माणसाला पहिल्यांदाच कोणी समोरून ऐकत होतं. त्याला त्याची चटक लागली.

त्या वर्षी बगळ्यांनी पहिले पाच सामने ओळीने जिंकले. देशातल्या पहिल्या पंचवीस संघांच्या यादीत आमचा एकविसावा नंबर लागला. गावाला पंख फुटले. ख्रिसमसच्या सुमाराला चांगल्या संघांना जो बाऊल नावाचा मानाचा सामना मिळतो, त्याच्यासाठी हॉटेलं लोक ऑक्टोबरातच बघायला लागले. बाऊलच्या आमंत्रणाला सहा विजय लागतात, आमच्याकडे पाच होते, राहिला एक. तो एक काही मिळेना. ओळीने सहा हरलो! यादीतून नाव गेलं ते गेलं, आणि अकराव्या सामन्यात तर हातातोंडाशी आलेला घास गेला. शेवटचे दोन सेकंद, एका गुणाने मागे, फक्त एकतीस यार्डांवरून चेंडू दोन खांबांच्या मधून मारायचा होता, की तीन गुण. किक मारणारा मायका पर्विस, आमच्याच गावचा, वीस वर्षांचा पोरगा. चेंडू डावीकडून बाहेर गेला.

सोमवारी सकाळी बिस्किटं, म्हणजे आमच्याकडचे मऊ पाव, आणि ग्रेव्ही खायला हॉइट आणि वर्डेल नेहमीच्या टेबलावर बसले. हॉइट हा कुलपं दुरुस्त करणारा, वर्डेलचा शाळेपासूनचा दोस्त. हॉइटने कागदी रुमालावर आकडेमोड मांडली होती.

"शनिवारी कोलबर्न टेकला हरवलं, की सहा झाले. टेक आहे अठरावा. अठराव्याला हरवलं म्हणजे आपण परत पंचविसात."

"सहा सामने हरून पंचविसात? सकाळची गोळी घेतलीस का विसरलास?" वर्डेल म्हणाला.

"अरे, हरलो कोणाशी ते बघ ना! सगळे तगडे होते."

"आणि जिंकलो कोणाशी ते पण बघ! त्यातल्या एका कॉलेजात तर पोरांपेक्षा गाई जास्त आहेत."

"मग तुझं म्हणणं काय? बाऊल नाही?"

"त्या मायकाच्या पायावर ठेवलंय सगळं, तर कुठला बाऊल!"

"तुझ्याच बसमधला ना रे तो?"

"हो," वर्डेल म्हणाला, आणि ग्रेव्हीत बिस्किट बुडवलं. तेव्हा तो तेवढंच बोलला. तेवढ्यावरच थांबला असता तर!

संध्याकाळी डबकडे फोनवर फोन येत होते. जो तो मायकाला शिव्या घालत होता. वर्डेलचा नंबर लागेपर्यंत बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं. कोचला काढा, म्हणून झालं. दुसरा किकर आणा, म्हणून झालं. डब म्हणाला, "वर्डेल, आज तुझ्याकडेही काही नवीन दिसत नाही. पुढचा फोन घेऊ?"

आणि वर्डेलच्या तोंडून निघून गेलं.

"थांब, थांब. या पोराला मी सात वर्षं बसमधून नेलंय. याच्यात दम नाही हे मला कधीचं ठाऊक आहे. तिसरीत होता, बाप घर सोडून गेला त्या सकाळी, तर माझ्या बसमध्ये चड्डी ओली करून बसला होता! असल्या पोराकडे शेवटचे दोन सेकंद द्यायचे?"

डब असा हसला की त्याला खोकला लागला. वर्डेलही हसला.

फोन ठेवला तेव्हा स्वयंपाकघरातला रेडिओ बंद झाल्याचा आवाज आला. अर्लीन दारात उभी होती.

"वर्डेल, तू हे काय केलंस?" ती म्हणाली. त्याचं ताट वाढलं, स्वतःचं घेतलं नाही आणि झोपायच्या खोलीत निघून गेली.

तिला बाकीची गोष्ट ठाऊक होती. ती वर्डेलने डबला सांगितली नव्हती ना! त्या सकाळी वर्डेलने बस शाळेच्या अलीकडे थांबवली, इंजिन तापलंय असं खोटंच सांगून सगळ्या पोरांना खाली उतरवलं, आणि एकटा मायका मागच्या सीटवर राहिला तेव्हा त्याच्याजवळ गेला. अंगातलं बगळ्यांचं निळं जॅकेट काढून त्याच्या कमरेभोवती बांधलं आणि म्हणाला, "बसमधलं बसमध्येच राहतं. हे तुझं आणि माझं." आणि हात पुढे केला. आठ वर्षांच्या पोराने तो मोठ्या माणसासारखा हातात घेतला. दोन दिवसांनी जॅकेट धुऊन, इस्त्री होऊन परत आलं. आणि त्या वर्षापासून दर थँक्सगिव्हिंगच्या सणाला मायकाची आई शेरिल ओसरीवर पेकनची, म्हणजे अक्रोडासारख्या मेव्याची, गोड पाई ठेवून जायची. बेल वाजवायची नाही, फक्त ठेवून जायची. बारा वर्षं झाली, एकदाही चुकलं नव्हतं.

बुधवारपर्यंत वर्डेलचा तो आवाज पोराटोरांच्या फोनवर फिरला. कोलबर्नच्या पोरांनी त्याला संगीत लावलं. दुकानात हॉइटच्या नातवाने वर्डेललाच तो ऐकवला आणि म्हणाला, "आजोबा, तुम्ही तर फेमस झालात!" वर्डेल हातातलं दूध तिथेच ठेवून घरी आला.

गुरुवारी थँक्सगिव्हिंग. वर्डेल पहाटेपासून तीनदा ओसरीवर गेला, ओसरी रिकामीच. चौथ्यांदा निघाला तेव्हा अर्लीन म्हणाली, "कशाला बघतोयस? तोंड आहे का आपल्याला ती पाई खायला?"

शेरिलकडे जावं, पाय धरावेत, असं त्याच्या मनात शंभरदा आलं. गाडी काढून तिच्या गल्लीच्या तोंडापर्यंत तो गेलाही. अंगणात मायकाची गाडी दिसली आणि त्याची हिंमत झाली नाही, शेपूट घालून परत आला. एकतीस वर्षं पोरांना 'चूक झाली तर तोंडावर सांगा' म्हणणारा माणूस!

शनिवारी तो स्टेडियममध्ये गेला. अर्लीन म्हणाली होती, "तूच केलंस ना, मग जाऊन बघ." तो आपल्या नेहमीच्या जागी, आपल्या नेहमीच्या गादीवर बसला. समोर खांबांच्या मागे टेकची पोरं होती. मायका पहिल्यांदा मैदानात आला तेव्हा त्या सगळ्यांनी एकदम हात वर केले. हातात बाळांचे डायपर होते. शे-दोनशे डायपर हलत होते आणि पोरं एका सुरात ओरडत होती, "चौदा नंबर! चौदा नंबर!" वर्डेलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच्या पुढच्या रांगेतला एक माणूस, आपलाच, निळ्या टोपीचा, तोही हसत होता.

आणि देवाच्या मनात काय असतं बघा. शेवटचे चार सेकंद, आपण दोन गुणांनी मागे, आणि या वेळी अंतर चव्वेचाळीस यार्ड. वर्डेलने डोळे मिटून घेतले. त्याला बाऊल नको होता, यादी नको होती. फक्त त्या पोराचा चेंडू जाऊ दे, एवढंच तो मनात घोकत होता. मग असा गलका उठला की खालच्या फळ्या हादरल्या. हॉइटने त्याला मिठी मारली. "गेला! मधोमध गेला! सहा झाले रे, सहा!"

वर्डेल रडला. रडता रडता त्याच्या पाठीवर थापा पडायला लागल्या.

"सगळं श्रेय या म्हाताऱ्याचं! यानेच पोराला डिवचलं!"

"बरोबर, पाठीत असा चाबूक बसल्याशिवाय पोरं पेटत नाहीत!"

"वर्डेल, बाऊलचं तिकीट माझ्याकडून!"

शिव्या दिल्या असत्या तर त्याने सोसल्या असत्या. ही शाबासकी त्याला गिळवेना. सामना संपल्यावर गादी तिथेच विसरून तो बाहेर पडला.

सोमवारी सहा वाजता डबने बिगूल वाजवून त्याचा फोन घेतला. "मायकाला जागं करणारा आपला चौदा नंबरचा वर्डेल!"

"डब, मला एक सांगायचंय," वर्डेल म्हणाला. त्याने लिहून ठेवलेला कागद समोर धरला. "मी मागच्या सोमवारी खोटं बोललो. तसं काही घडलंच नव्हतं. त्या पोराने माझ्या गाडीत कधी काही केलं नाही. मला लोकांनी ऐकावं म्हणून मी मनाने रचलं."

"काय?"

"मी खोटारडा आहे. एवढंच सांगायचं होतं."

डब पुन्हा हसेल असं त्याला वाटलं होतं. डब हसला नाही. "म्हाताऱ्या," तो म्हणाला, "पुन्हा इथे फोन करू नकोस." आणि फोन कापला.

मंगळवारी सकाळी हॉइट दुसऱ्या टेबलावर बसला होता. वर्डेल आला तसा तो म्हणाला, "पोराचं नाव घेऊन थापा मारतोस? लाज वाटायला हवी." वर्डेल 'हो' म्हणाला आणि काउंटरवर एकटाच बसून कॉफी प्यायला. त्याला जरा हलकं वाटत होतं. गावात आपली पत गेली, जाऊ दे, पोराची तर परत आली ना. घरी येईपर्यंत तो शीळही घालत होता.

दुपारी बेल वाजली. दारात मायका होता. चांगला सहा फुटी झाला होता. वर्डेलने घाईघाईने जाळीचं दार उघडलं. "आत ये ना, बाळा. अर्लीन, अगं—"

"नाही सर, इथेच ठीक आहे." मायका ओसरीवर उभा राहिला. "काल मी ऐकलं. तुम्ही खोटं बोललात."

"हो. म्हणजे, मला ते फिरवायचं होतं रे. माझी चूक मलाच—"

"लोक म्हणतात मला राग आला म्हणून किक गेली. तसं नव्हतं." तो पायांकडे बघत बोलत होता. "ते डायपर हलवत होते ना, तेव्हा मला तुमचं जॅकेट आठवलं. तुम्ही कसं बांधलं होतंत ते. घाबरलो, की मी नेहमी तेच आठवतो. शाळेतही तेच आठवायचो. म्हणून मारू शकलो. चेंडू गेल्यावर वाटलं, धावत येऊन तुम्हाला सांगावं. आणि मग आठवलं, की सगळ्यांना सांगितलं ते तुम्हीच."

वर्डेलचा हात दाराच्या मुठीवर तसाच राहिला.

"आणि काल तुम्ही म्हणालात की काही घडलंच नव्हतं. सर, ते घडलं होतं. मी चड्डी ओली केली होती आणि तुम्ही जॅकेट दिलं होतं. आता गावात कोणाला सांगितलं, की माझ्यासाठी कोणी तरी असं केलं होतं, तर कोणाला खरं वाटणार?"

"मायका, मी... मला माफ—" आतून अर्लीनच्या रडण्याचा आवाज येत होता.

"पुन्हा कुठेही माझं नाव घेऊ नका. चांगलं नको आणि वाईटही नको."

"नाही घेणार."

"मी निघतो. बाऊलच्या तयारीला चार वाजता जायचंय."

टिपेटांच्या ओसरीला तीन पायऱ्या आहेत. मायका पहिली उतरला, दुसरी उतरला. तिसरीवर त्याचा पाय पडला आणि इतक्या वर्षांच्या सवयीने, मागे न बघता, त्याच्या तोंडून निघालं, "थँक्यू, मिस्टर वर्डेल."

त्याचं त्यालाही कळलं नसावं. तो तसाच गाडीकडे चालत गेला.

वर्डेलने 'जपून जा' म्हणायला तोंड उघडलं. एकतीस वर्षांत तो शब्द कधी अडला नव्हता. गाडी वळून दिसेनाशी झाली तरी तो दारात उभाच होता, आणि शब्द काही बाहेर आला नाही.